डोळ्यांतला सुरमा आणि रक्तातले शिसे

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि आमच्या माळेगाव बुद्रुकच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ही कुटुंबे येतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत येथेच राहतात. पहाटे आई-वडील कोयता घेऊन फडात जातात. मागे लहान मुलांना सांभाळायला आजी असते, नाहीतर सात-आठ वर्षांची बहीण. या मुलांचे ताप, जुलाब, खोकला आणि खरूज पाहण्यात माझे हिवाळे जातात.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका हंगामात एक आजी पावणेदोन वर्षांच्या नातीला घेऊन आली. मूल फिकट होते, खात नव्हते, सतत किरकिर करीत होते आणि चार-चार दिवस त्याला शौचास होत नव्हते. हिमोग्लोबिन ७.६. महिनाभरापूर्वी मीच लोहाचे औषध दिले होते आणि आजीने ते नेमाने पाजलेही होते. तरीही आकडा हलला नव्हता. जंताचे औषध झाले होते, आहाराचे सांगून झाले होते. आता पुढे काय, असा विचार करीत मी दुसरा रुग्ण तपासायला घेतला. सहज बाहेर नजर गेली, तर बाकावर बसलेली आजी कनवटीची छोटी पितळी सुरमादाणी काढून नातीच्या डोळ्यांत सळई फिरवीत होती. रडून आधीचा सुरमा गालावर ओघळला होता, म्हणून ती तो पुन्हा घालीत होती.

वाचकहो, त्या क्षणी मला जो प्रश्न सुचला, तो मी त्याआधीच्या इतक्या वर्षांत एकाही पालकाला विचारलेला नव्हता: "बाळाच्या डोळ्यांत काय घालता?" हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. तो आपण आपल्या घरात आजच विचारावा, अशी माझी विनंती आहे.

सुरमा म्हणजे नेमके काय?

खनिजशास्त्रात ज्याला गॅलेना म्हणतात, तो दगड वाटून, वस्त्रगाळ करून पारंपरिक सुरमा तयार होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, अर्थात शिसे आणि गंधक यांचे संयुग. शिशाच्या एका अणूला गंधकाचा एक अणू जोडलेला असतो. मात्र शिशाचा अणू फार जड असल्याने वजनाच्या हिशेबात शुद्ध गॅलेनाचा ८६.६ टक्के भाग एकट्या शिशाचाच असतो. म्हणजे दहा ग्रॅमच्या पुडीत साडेआठ ग्रॅमहून अधिक शिसे आणि उरलेला गंधक.

हा दगड दिसायला देखणा असतो. करडा, धातूसारखा चकाकणारा आणि फोडला की घनाकृती तुकडे पडणारा. पाण्याच्या सुमारे साडेसात पट जड असल्यामुळे छोटा खडाही हातात वजनदार लागतो. तो मऊ असल्यामुळे खलात सहज वाटला जातो आणि त्याची अत्यंत बारीक, काळी, झळाळी असलेली पूड होते. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे डोळ्यांत घातल्यावर फारशी झोंबत नाही, पापण्यांच्या कडांवर टिकून राहते आणि डोळे रेखीव दिसतात. सुरम्याची लोकप्रियता या गुणांमुळेच टिकली आहे.

नावांचा एक गोंधळ येथे दूर केला पाहिजे. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन आणि नीलांजन अशी पाच अंजने सांगितली आहेत. त्यांपैकी नीलांजन म्हणजे गॅलेना, असे अनेक अभ्यासक मानतात. काही अंजनांची ओळख अँटिमनी या धातूच्या सल्फाइडशी जोडली जाते. म्हणून "सुरमा म्हणजे अँटिमनी, त्यात शिसे नसते," असे विक्रेते सांगतात. दोन्ही खनिजांची पूड काळी आणि चकाकणारीच असते. निरनिराळ्या देशांच्या बाजारांतून सुरम्याचे नमुने घेऊन जेव्हा तपासणी झाली, तेव्हा अनेक नमुन्यांचा मुख्य घटक गॅलेनाच निघाला. काही नमुन्यांत मात्र काजळी किंवा जस्ताची संयुगे होती आणि शिसे नावापुरतेच होते. अडचण अशी, की बाहेरून पाहून दोन्हींतला फरक आपल्याला कळत नाही आणि पुडीवर तो लिहिलेला नसतो.

घरी केलेले काजळ ही निराळी वस्तू आहे. तुपाच्या किंवा एरंडेल तेलाच्या दिव्यावर ताट धरून जमवलेली काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. त्यात शिसे घालण्याचे कारण नसते. ते बाळाच्या डोळ्यांत घालावे काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. मात्र "काजळ" या नावाने बाजारात मिळणाऱ्या बेनामी डब्यांत काजळीच असेल, अशी खात्री देता येत नाही.

उपयोग पुष्कळ, पण डोळ्यांबाहेर

गॅलेना हा निरुपयोगी दगड नव्हे. जगातले बहुतेक शिसे याच खनिजातून मिळते. आपल्या देशात राजस्थानातील झावर आणि रामपुरा आगुचा येथील खाणींत शिसे व जस्त यांची सल्फाइडे एकत्र सापडतात. आपल्या ट्रॅक्टरची आणि इन्व्हर्टरची बॅटरी शिशावर चालते. क्ष-किरण तपासणीच्या खोलीला शिशाचा पत्रा लावतात, कारण ते किरण अडवते.

या दगडाचा आणखी एक उपयोग आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. बिनतारी लहरी टिपण्यासाठी जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाचा स्फटिक वापरला आणि १९०४ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. पुढे जुन्या काळच्या क्रिस्टल रेडिओत याच स्फटिकावर बारीक तार टेकवून लोक कार्यक्रम ऐकत. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ओळखणाऱ्या उपकरणांतही लेड सल्फाइड वापरले जाते.

यंत्रात, बॅटरीत, प्रयोगशाळेत हे संयुग बंदिस्त असते आणि काम करते. बाळाच्या डोळ्यांत घातल्यावर ते बंदिस्त राहत नाही.

डोळ्यांतून रक्तात कसे जाते?

"पाण्यात विरघळत नाही, तर अंगात कसे जाईल?" असा प्रश्न मला एका शिक्षकाने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आपल्या शरीराच्या रचनेत आहे.

प्रत्येक पापणीच्या आतल्या कोपऱ्यात एक सूक्ष्म छिद्र असते. तेथून निघालेली अश्रुनलिका नाकात उघडते. रडताना नाक वाहते ते याचमुळे. डोळ्यांत घातलेली बारीक पूड अश्रूंबरोबर या नळीतून नाकात, तेथून घशात आणि घशातून पोटात जाते. याखेरीज बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. उशी, दुपटे, आईचा पदर, सगळीकडे ती पूड लागते.

पोटात आम्ल असते. हे आम्ल लेड सल्फाइडवर हळूहळू क्रिया करते आणि शिसे मोकळे होते. शिशाच्या इतर काही संयुगांपेक्षा हे संयुग कमी विरघळते हे खरे, पण पूड जितकी बारीक तितकी ही क्रिया सोपी होते. आणि सुरमा तर बारीक असावा म्हणूनच इतका खलतात. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस जितका वाटा शोषून घेतो, त्याच्या चार-पाच पट वाटा लहान मूल शोषू शकते. पोट रिकामे असेल किंवा शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते.

आता थोडा हिशेब करू. रक्तातील शिसे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग आणि डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी ३.५ ही लक्ष वेधणारी पातळी ठरवली आहे. तिच्याइतके किंवा तिच्यावर शिसे आढळले, तर त्याचा स्रोत शोधावा, असा तिचा अर्थ. नऊ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात साधारण ७०० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे त्या पातळीला त्याच्या सगळ्या रक्तात मिळून अवघे २५ मायक्रोग्रॅम शिसे असते. मोहरीच्या एका दाण्याच्या वजनाइतकी, म्हणजे दोन मिलिग्रॅम, शुद्ध गॅलेनाची पूड घेतली, तर तिच्यात सुमारे १,७०० मायक्रोग्रॅम शिसे असते. ते सगळे रक्तात जात नाही. पण त्याचा अगदी थोडा अंशही पुरेसा आहे आणि सळई रोज फिरते.

परदेशातील एक नोंद येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथे २०११ मध्ये नायजेरियन वंशाच्या कुटुंबातील सहा महिन्यांच्या बाळाच्या रक्तात शिसे आढळले. त्याच्या पापण्यांना मायदेशाहून आणलेला 'टिरो' नावाचा सुरमा लावीत असत. तपासणीत त्या पुडीत ८२.६ टक्के शिसे निघाले. शुद्ध गॅलेनाच्या ८६.६ टक्क्यांशी हा आकडा ताडून पाहा. त्या घरची माणसेही आपल्या आजीइतकीच प्रेमळ असणार.

शिसे मुलाचे काय करते?

शरीराला शिशाचा कोणताही उपयोग नाही. मात्र शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि मेंदूत व हाडांत जागा देते. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकते, पण हाडांत गेलेले शिसे कित्येक वर्षे तेथेच राहते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहते, तेव्हा हाडांतील कॅल्शियमबरोबर हे जुने शिसेही रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. त्यामुळे बालपणी डोळ्यांत गेलेल्या सुरम्याचा काही अंश पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकतो.

हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतील महत्त्वाची विकरे शिसे बंद पाडते. लोह असूनही ते हिमोग्लोबिनमध्ये बसत नाही. त्या मुलीचे लोहाचे औषध लागू पडत नव्हते, त्याचे एक कारण हे होते. उलट बाजूनेही ही गाठ बसते: लोह कमी असलेले आतडे शिसे अधिक शोषते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. त्यातील बहुसंख्य मुलांना लोहच कमी पडते आहे, शिसे नव्हे. परंतु अशा मुलांच्या डोळ्यांत सुरमा गेला, तर तो अधिक घातक ठरतो.

सर्वांत मोठी हानी मेंदूची. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूची जडणघडण वेगाने होते आणि त्याच काळात शिसे तेथे अडथळा आणते. बुद्ध्यंक घटणे, लक्ष एकाग्र न होणे, चिडखोरपणा, उशिरा बोलणे, कमी ऐकू येणे, हे परिणाम सावकाश दिसतात आणि बहुधा भरून येत नाहीत. पातळी फार वाढली, तर पोटात कळा, उलट्या, तोल जाणे, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते. थोड्या पातळीला मात्र काहीच लक्षण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

आपल्या देशाने पेट्रोलमधील शिसे २००० साली हद्दपार केले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमही सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई करतात. अमेरिकेत तर सुरमा डोळ्यांसाठी विकण्यासच परवानगी नाही. पण जत्रेतल्या, उरुसातल्या आणि आठवडे बाजारातल्या बेनामी पुडीपर्यंत नियम पोहोचत नाही. तिच्यापर्यंत आपणच पोहोचले पाहिजे.

"आमच्या आजीने घातला, आम्हांला काय झाले?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू येतो. तो टाळून चालणार नाही.

पहिली गोष्ट, आपल्याला काय झाले हे आपल्याला कळायचा मार्गच नसतो. दहा गुण कमी झालेला बुद्ध्यंक आरशात दिसत नाही. दुसरी गोष्ट, पूर्वी रक्तातील शिसे मोजण्याची सोय नव्हती. मूल चिडके निघाले, अभ्यासात मागे पडले, तर आपण त्याला स्वभाव म्हणत होतो.

"सुरम्याने डोळे मोठे होतात." डोळ्यांचा आकार हाडांच्या खोबणीवर आणि आनुवंशिकतेवर ठरतो. काळ्या कडेमुळे ते मोठे भासतात, इतकेच.

"डोळे थंड राहतात, स्वच्छ होतात." पूड गेल्याने पाणी येते आणि त्यामुळे क्षणभर बरे वाटते. पण डोळ्यांची स्वच्छता अश्रू स्वतःच करतात. एकाच सळईने घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत सुरमा फिरतो, तेव्हा डोळे येण्याची साथही फिरते.

"इजिप्तच्या राण्या लावीत असत आणि शास्त्रज्ञांनीही ते चांगले ठरवले आहे." हा निरोप भ्रमणध्वनीवर फिरतो. २०१० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्राचीन इजिप्तच्या नेत्रलेपांतील शिशाच्या काही कृत्रिम क्षारांवर प्रयोगशाळेत पेशी घेऊन काम केले आणि अत्यल्प मात्रेत त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात असे दाखवले, हे खरे. पण ते क्षार गॅलेना नव्हते आणि तो प्रयोग मुलांच्या डोळ्यांवरही नव्हता. त्यावरून बाळाला सुरमा घालावा असा निष्कर्ष निघत नाही.

"आमचा सुरमा शुद्ध आहे, भेसळ नाही." हे विधान मला सर्वांत अधिक काळजीत टाकते. कारण सुरमा गॅलेनाचा असेल, तर तो जितका शुद्ध तितके त्यात शिसे अधिक.

ही चाल कोणा एका जातीची, धर्माची वा प्रांताची नाही. कोपीतल्या आजीकडे पितळी सुरमादाणी होती; बारामतीतल्या सुशिक्षित घरांतही परदेशातून किंवा तीर्थस्थळाहून भेट आलेली नक्षीदार बाटली मी पाहिली आहे. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्यापूर्वी प्रत्येकाने आपले कपाट उघडावे.

आपण काय करावे?

१. सुरमा बंद करा. मूल, गरोदर स्त्री आणि अंगावर पाजणारी आई यांच्यासाठी तर आजच. पुडी हातात वजनदार लागत असेल, उन्हात चमचमत असेल, बोटांवर चोळल्यावर तेलकट न लागता किंचित कणीदार लागत असेल, तर संशय अधिक घ्यावा. पण ही घरगुती परीक्षा निर्दोषत्वाचा दाखला देऊ शकत नाही. घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक न लिहिलेली कोणतीही पुडी वापरू नये. अशी परीक्षा केल्यावर हात साबणाने धुवावेत.

२. तो जाळू नका, मोरीत ओतू नका. डबी घट्ट बंद करून पिशवीत बांधावी आणि घरगुती घातक कचऱ्यात द्यावी. सळई आणि सुरमादाणी दुसऱ्या कशासाठी वापरू नये. मुलाची उशी, दुपटी धुवावीत. जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

३. रक्ताची तपासणी करून घ्या. मुलाच्या डोळ्यांत महिनोन्‌महिने सुरमा गेला असेल, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगावे. शिसे मोजण्यासाठी शिरेतून घेतलेले थोडे रक्त लागते आणि ते मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येते. साध्या रक्ततपासणीत रक्तकणांवर निळसर ठिपके कधी दिसतात, पण ते नसले म्हणून शिसे नाही असे म्हणता येत नाही.

४. आकडा आला, की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. बहुतेक मुलांमध्ये स्रोत बंद करणे, लोह आणि कॅल्शियम भरून काढणे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणे, हाच उपचार असतो. पातळी ४५ किंवा त्याहून अधिक असेल, तर शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. "शिसे उतरवणारे" काढे किंवा चूर्णे घरी देऊ नयेत.

५. मूल उपाशी ठेवू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायला द्यावे. नाचणी, बाजरी, तीळ, दूध, अंडी, हरभरा, मेथी, शेवग्याचा पाला यांतून लोह आणि कॅल्शियम मिळते. लिंबू, पेरू, आवळा यांमुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा देऊ नये. कोपीवर अनेक मुलांचा सकाळचा नाश्ता चहा आणि टोस्ट हाच असतो. त्याऐवजी दूध-भाकरी दिली, तर फारसा खर्च न वाढता पुष्कळ साधते.

६. इतर स्रोत तपासा. जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडणे, पोपडे सुटलेला जुना रंग, देवाला चढवण्याचा शेंदूर बोटाने चाटणे, भेसळीची भडक पिवळी हळद, यांतूनही शिसे येऊ शकते. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. तो देवापुरता असू द्यावा, मुलांच्या कपाळी लावू नये.

आणि काजळ?

शिसे नसलेले घरगुती काजळही बाळाच्या डोळ्यांच्या आत घालू नये, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. नखाने बुबुळ खरवडते, बोटावरचे जंतू आत जातात, अश्रुनलिका तुंबते. ज्या नवजात बाळाचा एक डोळा सतत चिकटतो, त्याच्या घरी मी आधी काजळाची चौकशी करतो.

पण काजळामागची भावना मला ठाऊक आहे. मलाही लहानपणी तीट लावूनच बाहेर नेत असत. बाळाला दृष्ट लागू नये, हे म्हणणाऱ्या आजीला आपण "हे सगळे खोटे" असे सांगितले, तर ती ऐकणार नाही; डॉक्टरांच्या पाठीमागे पुन्हा सळई फिरवील. म्हणून मी सांगतो: तीट अवश्य लावा. घरच्या दिव्याच्या काजळीची लावा. कानामागे लावा किंवा तळपायाला लावा. डोळे मात्र मोकळे ठेवा.

त्या दिवशी मी हेच सांगितले. आजी म्हणाली, "डोळे मोठे होतेत, नजर लागत न्हाई, म्हून घालते साहेब. माझ्या आईनं मला घातला, मी हिच्या बापाला घातला." मी म्हणालो, "आजी, तुमची माया खरी आहे. पण ही पूड शिशाच्या दगडाची असावी असे मला वाटते. रक्त तपासू." तिने थोडा वेळ विचार केला आणि सुरमादाणी माझ्या टेबलावर ठेवली.

मुलीच्या रक्तातील शिसे ३१ निघाले. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सुरमा बंद केला. लोह, कॅल्शियम आणि आहार सांभाळला. मार्चमध्ये ते कुटुंब गावी परतले, तोवर पातळी १९ वर आली होती आणि हिमोग्लोबिन चढू लागले होते. पुढच्या हंगामात ती आली, तेव्हा पातळी ९ होती. ती धावत होती, हट्टाने बिस्किट मागत होती.

तिला एक थोरला भाऊ आहे. त्याच्या लहानपणी तीन हंगाम मी त्यालाही रक्तक्षयाचे औषध देत होतो. त्याच्या डोळ्यांतही सुरमा होता. तो मला रोज दिसत होता आणि मी कधी विचारले नाही. आता तो शाळेत जातो. अक्षरे ओळखायला त्याला फार वेळ लागतो. शाळा दरवर्षी मध्येच सुटते, हेही त्याचे कारण असेल. शिशामुळेच असे झाले, असे मी म्हणू शकत नाही. शिशामुळे झाले नाही, असेही म्हणू शकत नाही. बहिणीबरोबर त्याची तपासणी केली, तेव्हा त्याच्या रक्तातील पातळी १४ होती. त्याचा मेंदू घडत होता त्या वर्षांत ती किती होती, हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात प्रत्येक लहान मुलाच्या कागदावर वजन आणि लसीकरण यांच्या खाली आणखी एक ओळ असते: डोळ्यांत काय घालता? हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. आज संध्याकाळी दिवा लावताना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला तो आदराने विचारा. सुरमादाणी निघाली, तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी बाजूला ठेवा. आणि घरात लहान मूल असेल, तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका.